नसलेली भिंत दाखवताना

प्रवाशांना एखादे शहर दाखवायचे म्हटले की दाखवण्याजोगी वस्तू तेथे उभी आहे, हे गृहीत धरलेले असते. पॅरिसला आयफेल टॉवर असतो, रोमला कलोसियम असते आणि टूर मॅनेजरने गटाला योग्य वेळी योग्य बाजूला उभे केले की निम्मे काम वस्तूच करते. बर्लिनमध्ये मात्र ज्या वस्तूच्या ओढीने बहुतेक प्रवासी येतात, ती वस्तू त्या शहराने स्वतःच्या हातांनी पाडून टाकलेली आहे. १३ ऑगस्ट १९६१ रोजी उभी राहू लागलेली बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९च्या रात्री निरर्थक ठरली, ३ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनीचे एकीकरण झाले आणि त्याच सुमारास भिंतीचा बहुतांश भाग हटवला गेला, त्यामुळे आज बसमधून उतरणाऱ्या गटाचा पहिला प्रश्न ‘भिंत कुठे आहे?’ हाच असतो. महाराष्ट्रातून युरोपला येणाऱ्या गटांबरोबर टूर मॅनेजर म्हणून या शहरात केलेल्या अनेक हंगामांच्या कामावर प्रस्तुत लेख आधारलेला असून, जी गोष्ट आता जागेवर नाही ती दाखवण्याचे काम कसे चालते आणि ते करणाऱ्याला काय शिकवते, याचा विचार त्यात केला आहे.

‘टूर मॅनेजर’ हा शब्द मराठी सहल व्यवसायात रुळलेला असला तरी त्यामागच्या कामाची कल्पना बाहेर फारशी नसते. मुंबईच्या विमानतळावर गट जमल्यापासून तो पुन्हा तेथेच पांगेपर्यंत पासपोर्ट, खोल्यांच्या किल्ल्या, जेवणाच्या वेळा, विसरलेली औषधे आणि बसमधल्या खिडकीच्या जागेवरून होणारे रुसवेफुगवे हे सारे त्याच्याकडे असते. स्थानिक मार्गदर्शक हा त्याहून वेगळा, त्या शहरापुरता दोन-तीन तास सोबत येऊन इतिहास सांगणारा जाणकार असतो आणि तो इंग्रजीत जे सांगतो ते मराठीत पोचवण्याची जबाबदारी पुन्हा टूर मॅनेजरवर येते. या दोघांच्या वर बसचालकाचे घड्याळ असते. युरोपीय नियमांनुसार साडेचार तास बस चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, ती आधी १५ आणि नंतर ३० मिनिटे अशी विभागून घेता येते, आणि बसमधले टॅकोग्राफ नावाचे यंत्र चाक फिरल्याचा व थांबल्याचा प्रत्येक क्षण नोंदवत असल्यामुळे ‘जरा दहा मिनिटे पुढे घ्या’ ही आपल्याकडची विनंती तेथे निरुपयोगी ठरते. प्राग-बर्लिन-व्हिएन्ना अशा सहलीत बर्लिनच्या वाट्याला बहुधा दीड दिवस येतो. तो रविवारी आला तर दुकाने बंद, सोमवारी आला तर बरीच संग्रहालये बंद, म्हणून सहलीचा आराखडा आखताना इतिहासाच्या आधी वार पाहावा लागतो.

जर्मन संसदेची इमारत, म्हणजे राइशटाग, हे या नियोजनाचे चांगले उदाहरण आहे. १८९४ साली पूर्ण झालेल्या या वास्तूवर १९९९ साली नॉर्मन फॉस्टर या वास्तुरचनाकाराने काचेचा घुमट चढवला आणि लोकप्रतिनिधींच्या डोक्यावर सामान्य नागरिक फिरताना दिसावेत, अशी रचना केली. तेथे प्रवेश विनामूल्य असला तरी प्रत्येकाचे नाव व जन्मतारीख आधी कळवावी लागते आणि दारावर ओळखपत्राशी ती ताडून पाहिली जातात. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी आपली तीनपदरी पद्धत आणि त्यात लग्नानंतर बदललेले नाव यांमुळे ही यादी तयार करणे जिकिरीचे होते. एका सहलीत यादीत सासरचे नाव आणि पासपोर्टवर माहेरचे नाव राहिल्यामुळे एका ज्येष्ठ बाईंना बाहेरच्या बाकावर बसून राहावे लागले. चूक अर्थातच यादी करणाऱ्याची होती, आणि तेव्हापासून पासपोर्टची प्रत समोर ठेवल्याशिवाय एकही नाव न लिहिण्याचा नियम पाळला गेला.

गटाला इतिहास सांगताना पहिला अडसर भूगोलाचा येतो. बर्लिन हे पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेवरचे शहर होते आणि भिंत त्या सीमेवरून उत्तर-दक्षिण सरळ गेली होती, अशी समजूत जवळजवळ प्रत्येक गटात आढळते. वस्तुस्थिती अशी की दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे चार विजेत्या राष्ट्रांनी चार विभाग केले, बर्लिन हे सोव्हिएत विभागाच्या पोटात, पश्चिमेकडील सीमेपासून दीडशे किलोमीटरहून अधिक आत होते, आणि राजधानी म्हणून त्याचेही पुन्हा चार भाग करण्यात आले. अमेरिकी, ब्रिटिश आणि फ्रेंच भाग मिळून पश्चिम बर्लिन झाले, ते चहूबाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेले होते. हे नकाशावर दाखवून जितके समजते त्याहून लवकर ते जेवणाच्या टेबलावर समजते, हा अनुभव आहे. भारतीय उपाहारगृहातले स्टीलचे ताट म्हणजे पूर्व जर्मनी, ताटातली वाटी म्हणजे बर्लिन, वाटीच्या मधोमध चमचा उभा धरला की दोन भाग, आणि बोट फिरवायचे ते चमच्यावरून आणि मग पश्चिमेकडच्या अर्ध्या वाटीच्या काठावरून, कारण भिंत त्या अर्ध्या वाटीला पूर्ण वळसा घालून गेलेली होती. एकूण सुमारे १५५ किलोमीटर लांबीच्या त्या वेढ्यापैकी शहराच्या दोन भागांमधली लांबी सुमारे ४३ किलोमीटरच होती. बोटाचा फेरा पूर्ण झाला की कोणीतरी हटकून विचारते, ‘म्हणजे कोंडलेले पश्चिमेचे लोक होते की पूर्वेचे?’ आणि या प्रश्नाबरोबर बर्लिनच्या इतिहासाला खऱ्या अर्थाने सुरुवात होते.

या प्रश्नाचे उत्तर देताना मराठीतला एक शब्दभेद फार उपयोगी पडतो. पूर्व जर्मनीच्या सरकारी भाषेत या भिंतीला ‘फॅसिझमविरोधी संरक्षक तट’ असे नाव होते, म्हणजे शत्रू बाहेर आहे आणि आतल्यांचे रक्षण चालले आहे, असा त्याचा दावा होता. गडकिल्ले चढलेल्या माणसाला तट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तटाच्या जंग्या बाहेर रोखलेल्या असतात, बुरुजावरचा पहारेकरी बाहेर पाहतो आणि खंदक बाहेरून येणाऱ्याला अडवतो. बर्लिनच्या सीमापट्ट्यात नेमके उलटे होते. पूर्वेकडून निघाले की आधी आतली भिंत, मग स्पर्श होताच इशारा देणारे कुंपण, पहाऱ्याचे मनोरे, प्रखर दिवे, गस्तीची वाट, वाहने अडवणारा खंदक, पाऊल उमटावे म्हणून दाताळ्याने सारखी केलेली वाळू आणि सर्वांत शेवटी, पश्चिमेला दिसणारी, अखेरच्या स्वरूपात ३.६ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत अशी ही रचना होती, आणि तिच्यातला खंदक पूर्वेकडून येणारे वाहन अडकावे अशाच बेताने खणलेला होता. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले होते आणि पश्चिम बर्लिन ही त्यांना उरलेली सर्वांत सोपी वाट होती, एवढे सांगितले की तटाची तोंडे आत का वळवली गेली, हे गट आपणच सांगू लागतो.

इतके समजल्यावर बर्लिनमध्ये जेथे थांबलेच पाहिजे असे ठिकाण म्हणजे बेर्नाउअर श्ट्रासे. ‘श्ट्रासे’ म्हणजे रस्ता. या रस्त्याच्या एका बाजूची घरे पूर्वेच्या हद्दीत आणि घरांसमोरचा पदपथ पश्चिमेच्या हद्दीत अशी विभागणी होती, त्यामुळे सीमा बंद झाली त्या पहिल्या दिवसांत घराचा उंबरा हीच देशाची सीमा ठरली आणि रस्त्यावरचा दरवाजा बंद झाल्यावर लोक खिडक्यांतून उतरू लागले. खालच्या खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या तसे लोक वरच्या मजल्यांवरून उड्या मारू लागले आणि पश्चिमेचे अग्निशामक दल खाली झोळ्या ताणून उभे राहू लागले. २२ ऑगस्ट १९६१ रोजी ४८ क्रमांकाच्या घरातून इडा झीकमान या बाईंनी आधी आपले अंथरूण-पांघरूण खाली टाकले, मग स्वतः उडी घेतली आणि त्या मरण पावल्या. भिंतीपायी मृत्यू आलेल्या किमान १४० जणांच्या नोंदीत त्यांचे नाव पहिले आहे. पुढे ही घरे रिकामी करून पाडण्यात आली. त्याच पट्ट्यात अडकून पडलेले ‘समेट’ या अर्थाचे नाव असलेले चर्च १९८५च्या जानेवारीत पूर्व जर्मनीच्या सरकारने सुरुंगाने उडवले.

आज तेथे सुमारे १.४ किलोमीटर लांबीचे खुले स्मारक आहे आणि त्यात पाहण्याजोगे फार थोडे आहे, हीच त्याची खासियत आहे. भिंतीचा एक तुकडा सीमापट्ट्यासह जसाच्या तसा राखला आहे. बाकी ठिकाणी जेथे भिंत होती तेथे गंज चढू दिलेल्या पोलादाच्या उंच सळया ओळीने रोवल्या आहेत. दुरून, तिरक्या नजरेने पाहिले तर त्या सळया एकमेकींत मिसळून सलग भिंतीसारख्या दिसतात, आणि समोर जाऊन उभे राहिले की दोन सळयांमधून माणूस आरामात पलीकडे जातो. पाडलेल्या घरांच्या पायांचे आराखडे आणि लोकांनी जमिनीखालून खणलेल्या भुयारांचे मार्ग गवतावर धातूच्या पट्ट्यांनी आखले आहेत. उडवलेल्या चर्चच्या जागी २००० साली बांधलेल्या लहान लंबगोल प्रार्थनाघराच्या भिंती थरावर थर चोपून घातलेल्या मातीच्या आहेत, जुन्या चर्चच्या विटांचा चुरा त्या मातीत मिसळलेला आहे आणि जवळून पाहिले तर भिंतीत लालसर खडे दिसतात. प्रार्थनाघराभोवतीच्या मोकळ्या जागेत राय हे थंड प्रदेशातले, काळसर पावाचे धान्य पेरले जाते. कोकणातून किंवा देशावरून आलेली, मातीच्या घरात बालपण घालवलेली माणसे या भिंतीवर हात ठेवून पाहतात. कामाच्या पहिल्या हंगामांत या ठिकाणी उड्या, गोळीबार आणि भुयारे यांची वर्णने सलग ऐकवली जात असत. पुढे लक्षात आले की हात भिंतीवर टेकलेला असताना कानात कोणी बोलत राहिले की हात लगेच काढून घेतला जातो.

याच्या दुसऱ्या टोकाला चेकपॉइंट चार्ली आहे, आणि प्रत्येक गटाला ते पाहायचेच असते. ‘चार्ली’ हे कोणा माणसाचे नाव नसून बिनतारी संदेशात अक्षरे सांगण्याच्या पद्धतीतला ‘सी’ या अक्षराचा उच्चार आहे. अल्फा व ब्राव्हो ही याच मार्गावरची आधीची तपासणी ठिकाणे होती. ऑक्टोबर १९६१मध्ये येथे अमेरिकी आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर उभे ठाकले होते, म्हणून या चौकाचे महत्त्व खरे आहे, पण आज रस्त्याच्या मध्ये दिसणारी पांढरी चौकी मागाहून उभारलेली प्रतिकृती आहे आणि आजूबाजूच्या दुकानांत रंगीत काँक्रीटचे तुकडे भिंतीचे अवशेष म्हणून विकले जातात. ते अस्सल आहेत का, हा प्रश्न टूर मॅनेजरला नेहमी विचारला जातो आणि त्याला पडताळून सांगता येईल असे उत्तर त्याच्याकडे नसते. ईस्ट साइड गॅलरी या श्प्रे नदीकाठच्या सुमारे १.३ किलोमीटर लांबीच्या भागाची गोष्ट थोडी वेगळी आहे. हा भाग खरा आहे, पण १९९० साली २१ देशांतल्या चित्रकारांनी तो रंगवला तो पूर्वेच्या बाजूने, आणि भिंत चालू होती तेव्हा पूर्वेच्या बाजूने तिच्याजवळ जाऊन ब्रश लावणे कोणालाही शक्य नव्हते. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांच्या चुंबनाच्या प्रसिद्ध चित्रासमोर फोटो काढून झाल्यावर हे वाक्य सांगितले की काही जण पुन्हा वळून भिंतीकडे, या वेळी चित्र सोडून, पाहतात. प्रतिकृती प्रतिकृतीच आहे हे आधी सांगावे की नंतर, याविषयी सहकाऱ्यांत मतभेद आहेत. अनुभव असा की आधी सांगितल्याने फोटो कमी होत नाहीत आणि विश्वास वाढतो.

खरे अवशेष बहुधा रोजच्या वापराच्या वस्तूंत असतात. पश्चिम बर्लिनने १९६७ साली ट्राम बंद केली आणि पूर्वेने ती चालू ठेवली, म्हणून आजही रस्त्यात रूळ दिसू लागले की आपण बहुधा पूर्वेच्या भागात आहोत, असे सांगता येते. पायी चालणाऱ्यांसाठीच्या सिग्नलमधला टोपीवाला जाडजूड माणूस हा कार्ल पेग्लाऊ यांनी १९६१ साली पूर्व बर्लिनसाठी आखलेला, तो एकीकरणानंतर हटवला जाणार होता, परंतु लोकांनी आग्रह धरल्यामुळे तो राहिला आणि पश्चिमेतही पोचला. भुयारी रेल्वेच्या पश्चिमेच्या काही गाड्या पूर्वेच्या जमिनीखालून जात असत, तेथल्या स्थानकांवर त्या थांबत नसत आणि अंधुक दिव्यांत पहारेकरी उभे असलेली ती स्थानके ‘भुतांची स्थानके’ म्हणून ओळखली जात. जुन्या भिंतीच्या रेषेवर शहराच्या मध्यभागी दगडी ठोकळ्यांची दुहेरी ओळ रस्त्यात बसवली आहे, ती वाहनांखालून, पदपथावरून आणि काही ठिकाणी सायकलींसाठी राखलेल्या लालसर पट्ट्यावरून जाते. या ओळीच्या दोन बाजूंना एकेक पाय ठेवून फोटो काढण्यात रमलेल्या माणसाला आता धोका असलाच तर घंटी वाजवत येणाऱ्या सायकलस्वाराचा असतो, म्हणून बसमधून उतरण्यापूर्वीची पहिली सूचना त्या लाल पट्ट्याविषयीच दिली जाते.

विभागणीचा आणखी एक परिणाम असा की या शहरात पुष्कळ गोष्टी दोन-दोन आहेत: दोन प्राणिसंग्रहालये, दोन जुनी विद्यापीठे, एकापेक्षा अधिक संगीत-नाट्यगृहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने यातला एक धागा जवळचा आहे. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला आल्या, त्यांनी डाहलेम या उपनगरातल्या मानववंशशास्त्राच्या कैझर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवट्यांच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा अभ्यास केला, आणि ही असमानता वंशावर अवलंबून असल्याचा मार्गदर्शकाचा कयास आपल्या मोजमापांतून सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष मांडला. त्यांना पदवी देणारे विद्यापीठ पुढे सोव्हिएत भागात गेले, संस्थेची डाहलेममधली इमारत अमेरिकी भागात आली आणि १९४८ साली त्या भागात स्थापन झालेल्या फ्री युनिव्हर्सिटीकडे ती पुढे गेली. म्हणजे एकाच विद्यार्थिनीची प्रयोगशाळा एका बर्लिनमध्ये आणि पदवी दुसऱ्या बर्लिनमध्ये पडली. त्यांचे ‘युगान्त’ वाचलेल्या प्रवाशांना ही माहिती दिली की शहर अचानक परके राहत नाही, आणि माणसांना वंशांत वाटण्याचा विचार भिंतीच्याही आधी याच शहरात कसा वाढला, हे सांगण्याची वाट त्यातून मिळते.

परंतु जवळीक साधताना एक धोका असतो, तो तुलनेचा. भारतीय गटात बर्लिनची गोष्ट ऐकताच फाळणीचा उल्लेख होतो, आणि गटात उल्हासनगरचे एखादे सिंधी कुटुंब असले तर तो उल्लेख केवळ पुस्तकी राहत नाही. दोन्ही घटनांत नकाशावर ओढलेली रेषा आहे, पण १९४७ साली माणसांना रेषा ओलांडून जावे लागले आणि मागे राहिलेल्या घरी परतता आले नाही, तर १९६१ साली माणसे आपल्या घरातच राहिली आणि रेषा ओलांडणे हाच गुन्हा ठरला. दोन बर्लिनमधला दूरध्वनी १९५२ साली तोडला गेला तो १९७१पर्यंत जोडला गेला नाही. भिंतीनंतर पश्चिमेच्या लोकांना पूर्वेतल्या नातेवाइकांना भेटण्याचे परवाने प्रथम १९६३च्या नाताळात मिळाले, आणि फ्रीडरिशश्ट्रासे स्थानकाजवळच्या ज्या निरोपाच्या दालनात ही माणसे पुन्हा दुरावत, त्याला लोक ‘अश्रूंचा महाल’ म्हणत. एका संध्याकाळी कराचीत जन्मलेल्या एका आजोबांनी हा फरक शांतपणे ऐकून घेतला आणि ‘यांची भिंत पडली, हे बरे झाले’ एवढेच म्हणून ते बसमध्ये जाऊन बसले. टूर मॅनेजरने त्यावर तुलनेचे समर्थन किंवा खंडन करण्याचे कारण नव्हते. त्याचे काम दोन्ही गोष्टींतले तपशील बरोबर ठेवण्याचे होते आणि ते त्याआधीच संपले होते.

स्थानिक मार्गदर्शकांच्या निवेदनाचा अनुवाद करतानाही हीच शिस्त लागते. पश्चिमेत वाढलेल्या मार्गदर्शकाच्या बोलण्यात भिंत म्हणजे रस्त्याच्या टोकाला असलेली आणि मुले चेंडू मारत असलेली एक नेहमीची वस्तू असू शकते. पूर्वेत वाढलेल्या बाईंच्या बोलण्यात पाळणाघर, हमखास नोकरी, शेजाऱ्यावरचा संशय आणि एकीकरणानंतर बंद पडलेला आईचा कारखाना एकाच वाक्यात येतात. अशा वाक्याचे ‘म्हणजे त्यांचे फार हाल होते’ असे मराठी करणे सोपे असते आणि ऐकणाऱ्यांनाही ते हवे असते, पण बाईंनी तसे म्हटलेले नसते. तेव्हा वाक्य जसे अडखळत आले तसेच पुढे द्यावे, हे उशिरा उमगले.

सहलीच्या आराखड्यात बेर्नाउअर श्ट्रासेचे नाव प्रथम घातले गेले तेव्हा मुंबईच्या कार्यालयातून ‘तिथे पाहायला काय आहे?’ अशी साधी विचारणा आली होती, आणि प्रामाणिक उत्तर ‘फारसे काही नाही’ असेच होते. जागा मिळाली ती चालकाच्या नियमामुळे. प्रागहून येताना १५ मिनिटांची विश्रांती वाटेत झालेली असते, उरलेली ३० मिनिटे बर्लिनमध्ये पोचल्यावर घ्यावीच लागतात, आणि बस कुठेतरी उभी करायचीच आहे तर ती त्या रस्त्याजवळ उभी करावी, असा तोडगा निघाला. त्या अर्ध्या तासात बोलायचे निवेदन पहिल्या वर्षी पंचवीस मिनिटांचे होते. हंगामागून हंगाम त्यातली वाक्ये गळत गेली आणि आता सळयांची ओळ, घरांचे आराखडे आणि मातीची भिंत कोठे आहे हे सांगणारी पाच मिनिटे उरली आहेत. उरलेला वेळ गट मोकळा असतो. काही जण बाकावर बसतात, काही जण सळयांमधून ये-जा करतात, कोणी धान्याची ओंबी वाकवून पाहते, आणि टॅकोग्राफचा अर्धा तास भरला की चालक दार उघडतो व माणसे मोजून घेतली जातात.